लाल रंग बोलत न्हाय

नामदेवतात्या माझं काम डोळे मिटून तपासायचे. अगदी खरोखर. बावड्यातल्या आपल्या ओसरीवर बसायचे, मोबाईलला पडद्यावरचं मोठ्यानं वाचायला लावायचे, टोपी डोळ्यांवर ओढायचे आणि म्हणायचे, "हं, आता चूक कर."

भाजीवाल्या शेतकऱ्यांच्या गटाचा ऑनलाइन नोंदणी फॉर्म मी बनवत होतो. तात्या त्या गटातले सगळ्यात जुने आणि सगळ्यात छळवादी सभासद. मी मुद्दाम चुकायचो. रकाना लाल व्हायचा आणि मोबाईल नुसताच म्हणायचा, "त्रुटी."

"लाल झालाय की तात्या, दिसतंय."

"कुणाला? लाल रंग बोलत न्हाय, बाळा."

तात्या जन्मभर कालव्यावर पाटकरी. शेताशेताला पाळीचं पाणी सोडलेलं, त्यामुळं कुठलीही गोष्ट शेवटी पाण्याच्या चारीवर यायची. "चारी फुटली म्हणून नुसती बोंब मारून काय उपेग? कितवी, कुठं, अन् बुजवायची कशी, ते सांगाय नको?" आणि एक चूक झाली म्हणून बाकीचं भरलेलं पुसलं, तर संपलंच. "एका जागी फुटली म्हणून सगळा कालवा रिकामा करतो व्हय?"

मी जाम वैतागायचो. चार दिवसांचं काम दोन महिने चाललं. आता पुण्यात मोठ्या ऑफिसात बसतो, पण असा तपासणारा पुन्हा भेटला नाही. त्या ओसरीची फार आठवण येते.

शेवटच्या दिवशी तात्यांनी आत हाक मारली. सुमनकाकू, त्यांची बायको, भिंत चाचपत बाहेर आल्या. काकूंना दिसत नाही हे मला माहीत होतं. पण हा सगळा खटाटोप त्यांच्यासाठी चाललाय, हे माझ्या मठ्ठ डोक्यात शिरलं नव्हतं.

तात्या हळूच म्हणाले, "मागं एक फॉर्म भरत हुती. दर येळी 'त्रुटी' म्हणायचा अन् सगळं पुसायचा. तवापासून मोबाईलला हात लावत न्हाय. म्हणती, माझंच डोकं चालंना."

काकू नको नको म्हणत मोबाईल घेऊन बसल्या. नाव, गाव, पीक भेंडी, सगळं भरलं. मग मोबाईल बोलला, "मोबाईल नंबरात एक आकडा कमी आहे. बाकीचं तसंच ठेवलं आहे."

काकू थबकल्या. काकूंनी बोटांवर आकडे मोजले, राहिलेला घातला. नोंदणी झाली.

"एकच आकडा व्हय," काकू म्हणाल्या. "मग येतंय की मला."

तात्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली. तपासायचं तर काहीच उरलं नव्हतं.