ब्रंचमधली गॅसगळती

भावेशने कंपनी सोडून तीन महिने झाले होते आणि ही गोष्ट बोईसरजवळच्या अख्ख्या सरावली गावाला ठाऊक होती. नव्हती ती फक्त त्याच्या वडिलांना. धर्माजी रसायनांच्या कारखान्यात तीस वर्षं सेफ्टीत काढून निवृत्त झालेले. मुलाला तिथे चिकटवण्यासाठी त्यांनी साहेबांच्या घरी इतके चिकू पोचवले, की पुढचे चिकू थांबावेत म्हणून साहेबांनी नोकरी दिली. तोच पोरगा आता पालघर रस्त्यावरच्या ‘लेझी चिकू’ नावाच्या नव्या रेस्टॉरंटात बारमागे उभा राहून कॉकटेल बनवतो, हे त्यांना सांगणार कोण?

ते काम धाकट्या बहिणीच्या, रूपलच्या गळ्यात पडलं. तिचा बेत असा: रविवारी माई-बाबांना तिथे न्यायचं, भावेशने बाबांसाठी बिनदारूचं खास पेय पाठवायचं आणि ते बाबांना आवडलं की त्याने समोर यायचं.

“ब्रंच म्हंजे काय?” धर्माजींनी विचारलं.

“नाश्ता पन नाय, जेवन पन नाय. मधलं. अकरा वाजता खायचं.”

“आमी सेकंड शिफ्टला जाताना तेच खायचो. त्याला एवढं नटायचं कशाला?”

तरी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. सगळी टेबलं कंपन्यांतल्या माणसांनी भरली होती. माईंनी भाजलेल्या पावाचा घास घेतला.

“ही हिरवी चटनी अळणी हाय.”

“माई, ते अ‍ॅव्होकाडो.”

“मग त्याला मीठ लागत नाय काय?”

इतक्यात वेटर ग्लास घेऊन आला. बापावर छाप पाडायची म्हणून भावेशने त्यात सुका बर्फ टाकला होता. ग्लासातून पांढरा धूर उतू जाऊन टेबलावरून खाली उतरू लागला. धर्माजी असे उठले की खुर्ची उलटी पडली.

“गॅस! जड हाय, खाली बसतोय! कुनी वाकू नका! नाकाला ओलं फडकं लावा!”

दुसऱ्या गावात लोक हसले असते. पण ही कारखान्यांच्या बोईसरची माणसं, दर वर्षीच्या सेफ्टी सप्ताहात तयार झालेली. अर्ध्या मिनिटात चाळीस नॅपकिन भिजले. ज्यांच्यापुढे पाणी नव्हतं त्यांनी मोजितोच्या ग्लासात बुडवले. धर्माजींनी दारात टिश्यू पेपर उडवून वारा पाहिला.

“वारा समुद्राकडून! वाऱ्याला आडवे चला, आडवे!”

“बाबा, ऐका तरी, तो बर्फ...” रूपलने बाही ओढली.

“लायनीत बोलायचं नाय!”

पार्किंगमध्ये रांगा लागल्या. आचारीसुद्धा झारा घेऊन उभा राहिला. निवृत्तीनंतर धर्माजी इतके खूश कधीच नव्हते. डोकी मोजून त्यांनी वेटरला विचारलं, “तुमचे सगळे हायत?”

“एक कम है साहब. बारवाला अंदर है.”

“आत मानूस ऱ्हायला?” नॅपकिन नाकाशी आवळून धर्माजी आत घुसले. रूपलने डोळे मिटून घेतले.

आतल्या अंधुक उजेडात त्यांनी काउंटरमागच्या माणसाची कॉलर धरली आणि त्याला फरफटत बाहेर आणलं. आपण कोणाला वाचवलं ते त्यांना उन्हात आल्यावर दिसलं.

“तू हितं?”

भावेशच्या हातात कापलेलं लिंबू तसंच होतं. “कंपनी सोडली, बाबा. तीन महिने झाले. तो गॅस नाय, सुका बर्फ हाय. तुमच्यासाठी मीच घातला.”

धर्माजी माईंकडे वळले. “ऐकलंस?”

“मला कवाच म्हाईत हाय,” माई म्हणाल्या. “याचे शर्ट मीच धुते. लिंबाचा न् पुदिन्याचा वास येतो. कंपनीतून कुनी असा वास घेऊन येतो काय?”

“मग मला का नाय आला?”

“तुमाला वास येतो कुठं? आमटी करपली तरी तुमी मागून खाता. नोकरीत असतानाच गेलं तुमचं नाक.”

धर्माजींचा चेहरा उतरला. सेफ्टीच्या माणसाला वास येत नाही, हे त्यांनी कंपनीपासून दहा वर्षं लपवलं होतं आणि बायकोपासूनही लपलंय असं समजत होते. त्यांनी भावेशच्या हातातलं लिंबू घेतलं आणि नॅपकिन बाजूला करून हुंगलं. पुन्हा एकदा हुंगलं. मग ते पोराच्या नाकाशी धरलं.

“कसा येतो रे?”

“मस्त येतो, बाबा.”

“मग ऱ्हा हितंच. घरात एकाचं तरी नाक शाबूत पायजे.”

एवढं बोलून ते झटकन रांगांकडे वळले आणि गरजेपेक्षा बरंच मोठ्याने ओरडले, “ऑल क्लिअर! लायनीनं आत चला!”