रामटेके आणि त्याचा थर्मास

कुणाकडे बाळ झाल्याची बातमी आली की लोक विचारतात, मुलगा की मुलगी? आमचा रामटेके विचारायचा, "वार फेकली तर नाही ना?"

पेढे घेऊन आलेल्या नव्या बापाला बाळामागून नाळेसकट पडणाऱ्या वारेचं विचारलं तर तो बिचारा काय बोलणार? एकाने पुडा उघडलासुद्धा नाही, तसाच काखेत मारून पुढच्या टेबलाकडे गेला. पेढा हुकला म्हणून मी चिडलो. रामटेकेला पत्ताच नव्हता. तो थर्मास धूत होता.

मी आणि डॉक्टर नामदेव रामटेके नागपूरच्या एका मेडिकल कॉलेजात एकाच सुमारास लागलो आणि एकाच कुरकुरत्या पंख्याखाली आमचे केस पांढरे झाले. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवायचो आणि पाच वाजले की सायकल काढायचो. रामटेके संशोधन करायचा. सत्तर-ऐंशीच्या त्या दिवसांत आमच्याकडे संशोधन करणं म्हणजे मुख्यतः फ्रिज दुरुस्त करून घेणं. मे महिन्यात वीज गेली की त्याचे नमुने नासायचे आणि जूनमध्ये तो पहिल्यापासून सुरुवात करायचा. परदेशी मासिकं बोटीने येईपर्यंत त्यातली नवी बातमी शिळी झालेली असायची. ती वाचून तो चष्मा पुसायचा आणि म्हणायचा, "चाल, चहा पिऊ." इतकी वर्षं हे बघून मीच थकलो होतो, मग त्याचं काय होत असेल?

त्याचा ध्यास एकच. हाडांच्या पोकळीत काही मूळ पेशी असतात, माणसाचं सगळं रक्त त्यांच्यातून तयार होतं. बाळ पोटात असताना त्या एका पद्धतीचं रक्त बनवतात आणि जन्मानंतर हळूहळू दुसऱ्या पद्धतीचं. सिकलसेलचा आजार आमच्या भागात फार. त्यात हे दुसरं रक्त बिघडतं, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात, आणि माणूस सांधे धरून ओरडतो. पण पहिलं, बाळपणीचं रक्त चांगलं असतं. म्हणून असं मूल पहिले पाच-सहा महिने ठणठणीत असतं.

"आता तूच सांग गा बोकारे," रामटेके टेबलावर बोट आपटून मला म्हणायचा, "चांगलं रक्त बनवायची रीत शरीर विसरलं काय? नाही विसरलं. कुलूप लावून ठेवलं आहे. येतं त्याले, पण करून नाही राहिलं!"

हे वाक्य त्याच्या तोंडात असं बसलं की त्यातून कुणीच सुटेना. कँटीनवाल्याच्या पोह्यांवरची तर्री पांचट झाली की "येतं त्याले, पण करून नाही राहिला." नापास विद्यार्थी, रस्ता खोदून गेलेली नगरपालिका, आमचा पंखा, सगळ्यांना तेच. माझ्या बायकोने एकदा भाजीत मीठ घातलं नाही, तेव्हा मीही ते म्हणून पाहिलं. पुन्हा म्हटलं नाही.

तर हे पहिलं रक्त मिळतं कुठे? नाळेत. म्हणून रामटेके बर्फ भरलेला थर्मास घेऊन बाळंतिणींच्या वॉर्डाबाहेर बाकावर बसून असायचा. नवे लोक त्याला चहावाला समजत. एका काकांनी तर सरळ रिकामा कप पुढे केला होता.

पण त्याची खरी लढाई आज्यांशी. आमच्याकडे वार अंगणात पुरतात. ती परक्याच्या हाती देणं म्हणजे बाळाचं आयुष्य देणं, अशी त्यांची पक्की समजूत.

"माय, वार तुमचीच," रामटेके हात जोडून सांगायचा, "मले फक्त नाळेतलं रक्त पाहिजे."

"काहून? जादूटोना करतं काय रे?"

मग तो पेशींपासून कुलपापर्यंत सगळं समजावून सांगायचा. एका म्हातारीने अर्धा तास शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "लगन झालं काय तुयं?"

"नाही."

"हां. म्हनूनच."

लग्न त्याने केलं नव्हतं ते सुमनमुळे. सुमन त्याची धाकटी बहीण, तिला सिकलसेल. उमरेडला वडील हातमागावर बसत. सुमन दुखण्याने कळवळायला लागली की ते माग थांबवत, तेवढंच त्यांच्या हाती होतं. नोकरी लागताच रामटेकेने तिला नागपूरला आणलं. तिचं दुखणं उठलं की तो रात्रभर तिचे गुडघे शेकायचा आणि सकाळी तसाच तारवटलेल्या डोळ्यांनी कॉलेजात यायचा. त्याच्या देखत तिच्याबद्दल हळहळायची मात्र सोय नव्हती, लगेच विषय बदलायचा.

पुढे सुमनने स्वतःच लग्न ठरवलं. मुलगा भला होता. रामटेकेने त्याचं रक्त तपासलं. आजार नव्हता, पण आजाराचा अंश होता, म्हणजे होणारं मूल आजारी निघायची शक्यता अर्धीअर्धी. त्याने दोघांना समोर बसवून सगळं समजावलं. सुमन म्हणाली, "दादा, समजलं मले. पण लग्न करून राहिली मी." पुढे तिला दिवस गेले तेव्हा त्याने थर्मास उचलायचाच सोडला. वॉर्डातल्या नर्सबाई मला विचारू लागल्या, साहेब आजारी आहेत का?

बाळंतपणाच्या दिवशी मी कॉलेजातून निघताना त्याचा थर्मास बर्फ भरून बरोबर घेतला. म्हटलं, गडबडीत विसरला असेल, आणि असला नमुना त्याला जन्मात पुन्हा मिळणार नाही. बाकावर रामटेके आणि उमरेडहून आलेली त्याची आई बसली होती. ऊन मी म्हणत होतं.

नर्सबाई कापडात गुंडाळलेली वार घेऊनच बाहेर आल्या. इतक्या वर्षांची सवय, त्यांनी ती थेट त्याच्यापुढे धरली. रामटेके उठून उभा राहिला.

"सुमी कशी आहे?"

"बरी आहे."

"अन् मुलगा की मुलगी?"

हा प्रश्न त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. मुलगी होती. तो बाकावर बसला आणि चष्मा काढून सदऱ्याने पुसत राहिला. मग नर्सबाईंकडून वार घेऊन त्याने आईच्या हाती दिली. म्हणाला, "चाल माय, उमरेडले नेऊ. अंगणात खड्डा मी खोदतो."

मी थर्मास पुढे केला. "अरे, आधी नाळेतलं रक्त तर घे. चार दिवसांत कळेल पोरीला आजार आहे की नाही. तुझ्याशिवाय ही तपासणी इथे येते कुणाला?"

त्याने थर्मास माझ्या हातातून घेतला, झाकण उघडलं आणि बर्फ बाकामागच्या कुंडीत ओतून टाकला.

"पाच-सहा महिने तिचं रक्त चांगलंच आहे, बोकारे. तेवढे दिवस मले नुसतं मामा राहू दे. येतं गा मले. पण करून नाही राहिलो."