उतारावरचं लिंबू

“मॅडम, थे बाई दारात लिंबू ठेवून राहिली.”

दवाखान्याचा चौकीदार काउंटरवरच्या मुलीला हळूच सांगत होता. मी मोबाईलमध्ये डोकं घातलं. ती बाई माझ्याबरोबर आली होती.

कुंदामावशी प्रताप नगरात आमच्या खालच्या मजल्यावर एकट्या राहतात. लहानपणच्या पोलिओमुळे व्हीलचेअर वापरतात, साड्यांना फॉल-पिको करून देतात. जवळपास नवा दवाखाना उघडला की त्या तो बघायला जातात, तेही धडधाकट असताना. “आजारी पडल्यावर शोधाले निघू का?”

दारात खुर्चीसाठी उतार असला की पिशवीतून लिंबू काढून त्यावर सोडायचं. सावकाश घरंगळलं तर दवाखाना पास. सुसाट सुटलं तर नापास. “लिंबू पळालं तशी मीबी पळन, थेट हाडाच्या डॉक्टरकडे.”

एका ठिकाणी कंपाउंडर लिंबाला हात लावेना आणि खुद्द डॉक्टर वळसा घालून आत गेले. “सरबताचं हाये, बापा,” मावशींनी सांगून पाहिलं. कुणाचा विश्वास बसला नाही.

उतारच नसेल, तर खालून हाक. “डॉक्टर, खाली या नं. तुमचा दवाखाना देवळावानी उंच करून ठेवला.” एका डॉक्टरांनी खरंच खाली येऊन स्कूटरींच्या गर्दीत त्यांचं बीपी बघितलं. ते वाढलेलं निघालं. त्याचा दोषही मावशींनी पायऱ्यांनाच दिला.

माझं काम खुर्ची ढकलायचं. बोलायचं खातं त्यांच्याकडे. “तुमच्या कॉन्व्हेंटात बोलाले फी लागत होती का वं?” असं त्या मला विचारतात. मी हसते आणि ढकलत राहते.

गेल्या आठवड्यात वाटाणे सोलता सोलता त्या म्हणाल्या, “उमरेडले बापाच्या हातमागावर सुतातली गाठ मले न पाहता सापडे. आता तशीच गाठ छातीत हाताले लागून राहिली.”

“कधीपासून?”

“दिवाळीच्या आधीपासून.”

“मग सांगितलं काहून नाही?” माझ्या तोंडून त्यांचंच ‘काहून’ निघालं.

“दाखवाले टेबलावर चढा लागते, पोरी.”

म्हणून आज आलो होतो. लिंबू अगदी शहाण्यासारखं घरंगळलं. दार रुंद होतं. मावशी खुश होत्या. मग आम्ही तपासणीच्या खोलीत गेलो आणि समोर टेबल दिसलं, मावशींच्या खांद्याइतकं उंच.

डॉक्टर बाई तरुण होत्या, बोलायला मऊ. त्यांनी माझ्याकडे बघितलं. “ह्यांना कधीपासून त्रास आहे?”

“दिवाळी...” मावशींनी सुरुवात केली.

डॉक्टर टेबलाकडे बघत होत्या. “ह्यांना वर घेणं कठीण आहे,” त्या मलाच म्हणाल्या. “पुढच्या वेळी घरचं कोणी पुरुषमाणूस घेऊन या.”

मी मावशींच्या उत्तराची वाट बघत राहिले. चौकीदारांना, कंपाउंडरांना, देवळाएवढ्या पायऱ्यांना उत्तर देणाऱ्या मावशी. त्यांनी पदर सारखा केला, पिशवी मांडीवर घेतली.

“चाल वं,” त्या हळूच म्हणाल्या. “येऊ मंग कधी.”

घरी पुरुषमाणूस नव्हता. बाईमाणूसही नव्हतं. त्यांचं ते ‘कधी’ येणार नव्हतं, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. माझे हात सवयीने खुर्चीच्या मुठींवर गेले. मग मी वाकून ब्रेक लावला.

“आजच तपासायचंय, डॉक्टर,” मी म्हणाले. “मी धरते एका बाजूने. कसं उचलायचं, ते त्यांनाच विचारा.”