तिकिटाचा फॉलो-अप

मागासलेला माणूस काम करतो. पुढारलेला माणूस कामाचा फॉलो-अप करतो. अमेरिकेत हर्नडनला मुलाकडे चार महिने राहून माझी याबद्दल खात्री पटली आहे. (चौथी शिकलेल्या बाईची खात्री लवकर पटते.)

इथे सगळ्याचा फॉलो-अप होतो. नळ गळतो, प्लंबरचा फॉलो-अप. नातीला ताप, डॉक्टरचा फॉलो-अप. शेगडीवर दूध उतू चाललं होतं, तेव्हा सून आसावरी फोनवरूनच म्हणाली, "आई, जरा दुधाचा फॉलो-अप कराल?" मी केला. फडक्याने.

यंदा, म्हणजे २००६ च्या जुलैत, नागपूरहून फोन आला. माझी धाकटी बहीण सुमित्रा न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. एकटी राहते, करणारं कुणी नाही. माझं परतीचं तिकीट ऑक्टोबरचं. परीक्षितला म्हटलं, तारीख अलीकडे घे बाबा. तो तत्काळ म्हणाला, "डोंट वरी आई, मी फॉलो-अप करतो."

आणि केला हो, खोटं कशाला बोलू! एकोणीस दिवसांत सात ईमेल, दोन व्हॉइसमेल आणि रविवारच्या पोह्यांवर एक आढावा बैठक. बैठकीत एकमताने ठरलं की फॉलो-अप आणखी जोरात करायचा. सुमित्रा फोनवर विचारायची, "ताई, निघतेस ना?" मी सांगायची, "फॉलो-अप चालू आहे." पडल्यापडल्या ती बिचारी "बरं" म्हणायची.

विसाव्या दिवशी मीच तिकिटाच्या एजंटाला फोन लावला. मनोहर त्याचं नाव, न्यू जर्सीत असतो, मूळचा साताऱ्याचा.

"मावशी, परीक्षितच्या सात ईमेल आल्यात. सातही ईमेलमध्ये 'फॉलो-अप करतोय' लिहिलंय. तारीख कुठली हवी, ते एकीतही नाही."

"मग विचारायचं नाही का रे, मेल्या?"

"विचारणार होतो ना. माझ्या फॉलो-अपच्या यादीत आहे ते."

तारीख सांगितली. चार मिनिटांत परवाचं तिकीट झालं.

संध्याकाळी परीक्षितचा चेहरा उतरला. "आई, तू परस्पर केलंस? मी एवढा फॉलो-अप केला होता यार!" पोराच्या मेहनतीचं मलाही वाईट वाटलं. बॅग भरता भरता तसं बोलूनही दाखवलं.

वाचणाऱ्यांनो, एवढ्यात तुम्हालाही घरातल्या कुणाचं तरी अडलेलं काम आठवलं असेल. उठायची गरज नाही. आठवलं, म्हणजे पहिला फॉलो-अप झाला.