दोन डावी पावलं

तुळशीपासूनचं तिसरं पाऊल डावं होतं आणि चौथंही डावंच. राजाबाईंनी हातातला गौरीचा मुखवटा जरा बाजूला धरून पुन्हा पाहिलं. रांगोळी रेखीव होती, प्रत्येक पावलावर हळदीकुंकू होतं, बोटंसुद्धा पाचच होती.

गौरीनं पावलं सोडून चालायचं नाही, असं त्यांनीच सुनेला, अंकिताला, सकाळी दोनदा बजावलं होतं. त्या डाव्या पायावर लंगडी घालत पुढे सरकल्या. मागून शेजारच्या बसम्मा ताट वाजवत होत्या.

डोक्यात आधीच एक गोंधळ होता. नात ऋतुजाला कोल्हापूरच्या फुटबॉल शिबिराला तीन दिवस जायचं होतं. अर्ज पंधरा दिवस देवघरात कुंकवाच्या करंड्याखाली पडला होता. राजाबाई नाही म्हणत नव्हत्या, हो म्हणत नव्हत्या. "बघू की," म्हणत होत्या. आज शेवटचा दिवस होता.

पुढचं पाऊल मागे वळलेलं होतं. राजाबाई मागे आल्या. बसम्माही आल्या, ताट न थांबवता. मग पावलं सरळ उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथून झर्रकन वळून फाटकाबाहेर पडली.

"अय्यो, गौर कुटं निघाली?"

"पावलं नेतील तितं," राजाबाई म्हणाल्या आणि गल्लीत उतरल्या.

पावलं बसम्मांच्याच भिंतीपाशी संपली. भिंतीवर खडूची चौकट होती. बसम्मांनी ताट थांबवलं. गौर आपल्याकडे आली म्हणावी, तर घरात नैवेद्याला शेपूची भाजीसुद्धा नव्हती.

अंकिता धावत आली. पावलं काढायचं ऋतुजाला सांगितलं होतं. अंगणात पावलं दिसली, म्हणून अंकितानं त्यांवर हळदीकुंकू वाहिलं. मागून आलेल्या ऋतुजानं खालमानेनं खुलासा केला. ती कडेनं चेंडू पळवणारी विंगर. पहाटे तिनं भिंतीवरच्या चौकटीला गोल धरून रांगोळीनं सरावाची पावलं आखली होती. गौरीची काढायची राहिली होती.

"आत यायचं दाखवून बाहेर कशाला न्यायचं गं?"

"समोरचा फसतो, आजी. कडेनं लांब गेलं की आत यायला वाट मिळते."

राजाबाईंनी आलेल्या वाटेकडे पाहिलं. पासष्टीच्या गुडघ्यांनी एकही पाऊल चुकवलं नव्हतं. मुखवट्याची नथसुद्धा हलली नव्हती.

"परतीची काढ आता. सरळ."

ऋतुजानं उंबऱ्यापर्यंत डावं-उजवं काढत नेलं. तिथं पोचल्यावर बसम्मांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "गौर आली, कशाच्या पावलानं आली?"

सोन्याच्या, असं उत्तर ठरलेलं होतं. राजाबाईंनी ऋतुजाच्या रांगोळीनं माखलेल्या बोटांकडे पाहिलं.

"ऋतुजाच्या पावलानं. अंकिता, करंड्याखालचा अर्ज आण. गौर तीन दिसांसाठी येती, तर ही तीन दिसांसाठी जाईल की."