हिमेजीला अर्धा तास

"हिमेजीला दोन रात्री?" यतिनने लॅपटॉपच्या स्क्रीनवर बोट टेकवलं. "मिताली, ओसाका आणि हिरोशिमाच्या मधलं स्टेशन आहे ते. लोक उतरतात, किल्ल्याचा फोटो काढतात आणि पुढची ट्रेन पकडतात."

"पकडू देत लोकांना. मी राहणार," मिताली म्हणाली.

जपानच्या या सहलीचा बेत तिने ओजसच्या दुपारच्या झोपेतून चोरून चोरून आखला होता. दोन वर्षांच्या ओजसची झोप म्हणजे सशाची झोप. एका हाताने त्याला थोपटायचं आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर हिमेजी वाचायचं. पांढराशुभ्र किल्ला, रोपवेने गाठायचं डोंगरावरचं देऊळ, सकाळच्या कॉफीबरोबर बदामाचं लोणी लावलेला टोस्ट. लग्नाआधी पुण्याहून दर रविवारी एखादा गड चढणारी ही मुलगी ओजस झाल्यापासून चढली होती तो फक्त शॉपिंग सेंटरचा रॅम्प, तोही प्रॅम ढकलत.

"असं कर," यतिन म्हणाला, "तुझ्या ग्रुपवर विचार. एक जरी बाई दोन दिवस राहा म्हणाली, तर राहू. नाहीतर हॉटेल आजच्या आज फुकटात कॅन्सल होतंय."

आधीच्या शहरातलं डँडेनॉन्ग सोडून ॲडलेडच्या मॉसन लेक्सला येऊन त्यांना जेमतेम महिना झाला होता. इथल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर मिताली नवीच होती. तिने लिहिलं, "हिमेजीला जायचंय. दोन दिवस काढलेत. बरोबर लहान मुलगा आहे. काय काय बघावं?"

पहिलं उत्तर ग्रुपवरच्या सगळ्यांत ज्येष्ठ रेखाताईंचं. "दोन दिवस? अगं, अर्धा तास पुष्कळ झाला. आम्ही येताजाता डोकावतो."

मितालीने ते दोनदा वाचलं. येताजाता? मंडळाच्या पिकनिकला चहाची वापरलेली पिशवी जपून ठेवणाऱ्या रेखाताई जपानला येताजाता डोकावतात?

पाठोपाठ लीना आली. "दोन दिवस करणार काय तिथे? शेवाळ वाढताना बघणार?"

मग पद्मा. "माझं डोहाळजेवणाचं फोटोशूट तिथलंच. पार्किंगला वणवण होते, ट्रामनेच जा. आत जायला पैसे पडत नाहीत."

"झाला निकाल," यतिन म्हणाला, आणि तिने अडवायच्या आत त्याने हॉटेल कॅन्सल केलं.

"अरे पण यांना काही माहीत नाहीये," मितालीचा आवाज चढला. "हिमेजीला ट्राम नाहीच मुळी. आणि किल्ल्याला तिकीट आहे. म्हणजे या सगळ्या बाहेरूनच परत आल्या. सातव्या महिन्यात ही पद्मा जपानला जाऊन साडी नेसून उभी राहिली, आणि मी सातव्या महिन्यात डँडेनॉन्गच्या फॉस्टर स्ट्रीटवरून तांदळाची गोणी उचलून आणत होते."

"मी म्हटलं होतं, डिलिव्हरी मागव."

"तू गप्प बस."

ती स्वयंपाकघरात गेली, दार लावलं आणि ग्रुपवर व्हॉइस मेसेज सोडला. "माफ करा, लहान तोंडी मोठा घास घेतेय. पण महाराष्ट्रात जन्मून आपण किल्ल्याला अर्धा तास देतो? आपल्याकडे पायथ्याला पिठलं-भाकरी खायलाच तेवढा वेळ लागतो. एवढे पैसे खर्चून जायचं आणि शेवाळ बघून परत यायचं? निदान माझ्यासारखीला तरी जाऊ द्या."

मग फोन वाजला. रेखाताई होत्या.

"मिताली, तब्येत बरी आहे ना गं? कुठल्या किल्ल्याचं बोलतेस?"

"हिमेजीच्या. रेखाताई, एवढा उंच किल्ला तुम्हाला दिसला नाही?"

"अगं, तिथे एक दगडी दिवा आहे, एक तळं आहे आणि एक कंटाळलेलं बदक. साऊथ टेरेसला उंच म्हणजे समोरचे फ्लॅट्स."

"साऊथ टेरेसला?"

"हिमेजी गार्डन गं, आपल्या इथल्या साऊथ टेरेस रस्त्यावरची. त्या गावाचं आणि आपल्या ॲडलेडचं बहिणीचं नातं लावलंय ना, म्हणून त्या नावाची बाग." रेखाताई थबकल्या. "थांब. तू खऱ्या जपानला चाललीस?"

"हो."

"तिथे काय बघावं ते मला काय माहीत बाई. आम्ही साऊथ टेरेसच्या पलीकडे गेलोच नाही."

मितालीने ग्रुपची माफी मागितली, लीनाने हसून लोळणारी चार तोंडं पाठवली. यतिनवर मात्र काहीही परिणाम झाला नाही. "पण दोन दिवस राहा असं कोणी म्हटलंय का? नाही. मग?"

रविवारी ते बाग बघायला गेले. यतिन म्हणाला होता, फुकट हिमेजी हाताशी असताना आधी तेच बघू. तो कॉफी घेऊन बाकावर बसला. समोरच्या पांढऱ्या खडीत कोणीतरी दाताळ्याने लाटा ओढल्या होत्या. यतिन त्या लाटांकडे बघत राहिला. कॉफी संपली तरी बघत राहिला. खिशातला फोन दोनदा थरथरला, त्याने काढलासुद्धा नाही.

"किती शांत आहे गं," बऱ्याच वेळाने तो म्हणाला.

"तुला शांत आहे," मिताली म्हणाली. तिच्या काखेत ओजस होता आणि ओजसच्या चड्डीतून तळं गळत होतं. "मी मघापासून तुझ्या पोराला पाण्यातून उपसतेय."

"डकी गॉन," ओजस म्हणाला.

"तुझ्यामुळेच गेलं ते."

"मी म्हणतो," यतिनने आता फोन काढला, "एवढ्याशा बागेत इतकं छान वाटतं, तर अख्ख्या गावात कसं वाटेल? तेच हॉटेल आहे अजून. तीन रात्री करतोय."

ओजसचा ओला बूट मितालीच्या पोटात बसला.

"कर," ती म्हणाली. "पण एक दिवस किल्ला मी एकटी बघणार. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. ओजस तुझ्याकडे."

यतिनचं बोट स्क्रीनवरच थांबलं. "अख्खा दिवस? एका किल्ल्याला? कोणी सांगितलं तुला?"

तिने निथळता ओजस त्याच्या मांडीवर ठेवला, ओढणी पिळली आणि बाग बघायला निघून गेली.