उणे दोन, उणे चार

सुताराचे फक्त हात लागतील, डोकं आपलंच पुरेल, असं सरांनी बायकोला ठणकावून सांगितलं आणि घरामागच्या उतारावर तीन टप्प्यांचा लाकडी डेक स्वतःच आखायला बसले.

सर म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक. घरामागे मोकळी जागा भरपूर होती, पण मागचं दार उघडून पाऊल टाकलं की जमीन जी घसरायची ती पाच फूट खाली, कुंपणापाशीच थांबायची. बायकोचे गुडघे झिजलेले. चार वर्षं तिने ती जागा खिडकीतूनच पाहिली होती. आता एका गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि ती परत येईपर्यंत डेक उभा करायचा हा सरांचा पण होता. पहिला टप्पा दाराशी, दुसरा त्याहून दोन फूट खाली, तिसरा आणखी दोन फूट खाली. मध्ये चार-चार इंचांच्या बुटक्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना कठडे.

नकाशाला नऊ दिवस लागले. घराच्या फरशीला शून्य धरून प्रत्येक टप्प्याची पातळी सरांनी लाल शाईने लिहिली. सुतार त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला, शेवटच्या बाकावरचा. नकाशा हातात घेऊन तो बराच वेळ बघत राहिला. त्याने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. काही शंका आहे का, असं सरांनी विचारलं. नाही सर, म्हणाला.

ऑपरेशनपासून सर दवाखान्यातच मुक्कामाला होते. चौथ्या दिवशी तिथे सुताराचा फोन आला. सर तेव्हा एका हातात औषधांची पिशवी आणि दुसऱ्या हातात एक्स-रे धरून लिफ्टची वाट बघत होते. तिसऱ्या टप्प्याचे खांब जरा उंच होताहेत, असं सुतार चाचरत सांगू लागला.

"नकाशात काय लिहिलंय?" सरांनी विचारलं.

"चार फूट, सर."

"मग चारच कर. तू डोकं लावू नकोस."

दहाव्या दिवशी बायको वॉकर टेकत घरी आली. सरांनी तिला तडक मागच्या दाराशी नेलं आणि दार उघडलं.

दारातून डेक निघाला होता आणि वर चालला होता. जमीन खाली, डेक वर. दोघांचं कायमचं बिनसल्यासारखं. तिसरा टप्पा तर जमिनीपासून नऊ फुटांवर उभा होता. जणू कुणाला उडी मारायची होती आणि खाली तलाव बांधायचा राहून गेला होता.

बायकोने मान वर करून शेवटपर्यंत पाहिलं. मग शांतपणे विचारलं, "अहो, इथून विमान पकडायचंय का?"

सुताराला बोलावणं गेलं. सरांचा आवाज चढलेला होता. सुताराने नकाशा पुढे केला. त्यावर शून्य, दोन, चार. सरांनी चष्मा पुसला, कागद उजेडात धरला, उलटाही करून पाहिला. दोनच्या आधी उणे चिन्ह नव्हतं. चारच्या आधीही नव्हतं. बत्तीस वर्षं त्यांनी याच एका रेघेसाठी पोरांचे गुण कापले होते.

"तुला कळलं होतं ना रे?"

"पहिल्याच दिवशी, सर."

"मग बोलला का नाहीस?"

सुताराने हातातली पेन्सिल कानामागे खोचली. "नववीत एकदा बोललो होतो, सर. फळ्यावर तुमचं चुकलं होतं. तुम्ही तासभर वर्गाबाहेर उभं केलंत."

सरांना तो प्रसंग आठवेना. तेच जास्त लागलं.

त्यानंतर सरांचं जेवण अर्ध्यावर आलं. शेजारच्या दातांच्या डॉक्टरांच्या न्हाणीघराची खिडकी नेमकी तिसऱ्या टप्प्यासमोर आली होती. वरचा वावर कमी करा, असं डॉक्टरांनी आधी गोड शब्दांत सुचवलं, मग खिडकीवर हिरवी ताडपत्री टांगली. बायकोची मोठी बहीण मदतीला राहायला आलेली होती. तिला मात्र हा प्रकार फार आवडला. ती रोज सकाळी चहाचा कप घेऊन वर चढायची आणि नदीचं वळण कसं दिसतं, मालगाडीला डबे किती, ते खाली येऊन बहिणीला सांगायची. सरांना प्रत्येक डबा छातीवरून गेल्यासारखा वाटायचा.

एका दुपारी त्यांना सहन होईना. ते पान्हा घेऊन वर गेले आणि डेक एकट्यानेच उतरवायला लागले. सुरुवात त्यांनी पायऱ्यांपासून केली. शेवटची पायरी निखळून खाली पडली आणि दोन टप्प्यांमध्ये पाच फुटांची पोकळी उरली, तेव्हा आपण तिच्या वरच्या बाजूला आहोत, हे त्यांच्या लक्षात आलं. मेव्हणी बाजारात गेली होती. बायको दारात वॉकर धरून उभी राहिली आणि येऊ का, येऊ का, विचारत राहिली. यायचं कसं ते तिलाही ठाऊक नव्हतं. अडीच तासांनी ताडपत्रीचा कोपरा उचलला गेला आणि तोंडात ब्रश धरलेल्या डॉक्टरांनी विचारलं, "सर, शिडी आणू का?"

शेवटी सुतारानेच सगळं उतरवून पुन्हा बांधलं. या वेळी नकाशा नव्हता. सर मागच्या दारात बसून होते, आणि सुतार मधूनमधून विचारायचा तेव्हा तुला योग्य वाटेल तसं कर, एवढंच म्हणायचे. कापून उरलेल्या खांबांचे मात्र त्यांनी स्वतः फूटफूटभर तुकडे केले, पुन्हा डोळ्यांसमोर नकोत म्हणून.

काम संपलं त्या संध्याकाळी बायको काठी टेकत निघाली. पहिला टप्पा, सहा पायऱ्या, दुसरा टप्पा, सहा पायऱ्या, तिसरा. कुठे थांबली नाही. चार वर्षांनी ती तिथवर पोचली होती. सरांचे डोळे भरून आले. त्यांनी खुर्ची सरकवली, ती बसली, आणि समोर बघत राहिली.

"ताईला वरून नदी दिसायची," ती म्हणाली.

सरांनी तिची काठी कठड्याला टेकवून ठेवली.

"आणि आजच गुडघ्याचे डॉक्टर म्हणाले, आता रोज थोडं चढत जा. अहो, ते उंच खांब आहेत ना अजून?"

सर तिच्या शेजारी बसले. समोर हातभर अंतरावर कुंपण होतं. त्याच्या फळ्या त्यांनी मोजल्या, एक्केचाळीस भरल्या.